आडव्या बाटलीच्या आधी घरातला उतारा बघा

पत्र थोडं कापून देतेय, नाव-गाव काढून.

"ताई, आमचं गाव सोलापूरपासून तासाभरावर, नगरपंचायत आहे. हायवेला लागून घर, खाली दोन गाळे आणि वर आम्ही. एका गाळ्यात वीस वर्षं टेलरमास्तर आहेत, भाडं साडेतीन हजार. दिरांनी आता बियर शॉपीवाला आणलाय, तो अठरा हजार भाडं आणि दोन लाख डिपॉझिट द्यायला तयार आहे. मी बचत गटाची अध्यक्ष, मागच्या वर्षी स्टँडमागचं देशी दुकान बंद करा म्हणून आम्हीच सह्या गोळा केलेल्या, त्या कमी पडल्या. आता गटातल्या बायका तोंडावर काही म्हणत नाहीत पण मी गेले की गप्प होतात. मिस्टर म्हणतात भावाशी वाकडं नको. सासरे तीन वर्षांपूर्वी वारले. दीर म्हणतात लायसन सरकार देतंय, आपण काय दारू गाळतोय का. समोर गणपतीचं मंदिर, पुढं मुलांचे क्लासेस, तरी लायसन मिळेल का? मी विरोधाचा अर्ज देऊ का? घरच्याविरुद्ध अर्ज दिला म्हणून लोक नावं ठेवतील. – वरच्या मजल्यावरची सून"

अक्का, आधी एक सांगा, उतारा काढलाय का? एवढ्या मोठ्या पत्रात मंदिर आलं, क्लासेस आले, गट आला, लोक काय म्हणतील ते पण आलं, पण तो गाळा कागदावर कुणाच्या नावावर आहे ते एका ओळीत पण नाही. आणि माझ्या मते तुमचं सगळं प्रकरण तिथंच अडकलंय, बाकीचं नंतर.

आता तुम्ही विचारलेल्या क्रमानं जाते, नाहीतर म्हणाल ताईनं आपलंच लावलं.

मंदिर. विदेशी मद्याच्या नियमात (बियर पण त्यातच येते) शाळा आणि धार्मिक स्थळापासून 75 मीटरचं अंतर आहे, ते खरंय. पण लोकांना वाटतं टेप घेतला, दारातनं सरळ रस्त्यापलीकडं मोजलं, झालं. तसं नसतंय ते. दुकानाच्या दाराच्या मधोमध पासून, माणूस नेहमी ज्या वाटेनं चालत जातो त्या वाटेनं, मंदिराच्या किंवा शाळेच्या गेटच्या मधापर्यंत मोजतात. मध्ये डिव्हायडर असला आणि वळसा घालून जावं लागत असलं तर तो वळसा पण मोजला जाऊ शकतो, समोरासमोर दिसणारं मंदिर असं बघता बघता लांब जातं. दुसरं म्हणजे मंदिर कायद्याच्या नजरेत मंदिर असावं लागतं, म्हणजे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टचं. गल्लीतल्या पोरांनी वर्गणी काढून बांधलेलं, वर पत्रा, पुढं फरशी, ते आपल्यासाठी कितीही जागृत असलं तरी नियमात बसत नाही. तेव्हा पहिल्यांदा धर्मादाय कार्यालयात त्या मंदिराची नोंद आहे का ते बघून घ्या, असली तर अंतराचा मुद्दा भक्कम, नसली तर त्यात वेळ घालवू नका.

क्लासेस विसरा. खाजगी कोचिंग क्लास शैक्षणिक संस्थेत धरतच नाहीत. दीडशे पोरं येत असली तरी नाही. मला पण हे पटत नाही, पण आहे ते असं आहे.

हायवेचं तुम्ही लिहिलं नाहीत पण गटातली कोणीतरी ताई काढणारच, की सुप्रीम कोर्टानं हायवेवरची दारू बंद केलीये ना. केली होती. डिसेंबर 2016 चा निकाल, 500 मीटरच्या आत दुकान नको, मग मार्च 2017 ला वीस हजारांपर्यंतच्या लोकसंख्येच्या गावांना 220 मीटर केलं, तेव्हा आपल्या पुणे-हैदराबाद रोडवर किती शटर खाली आलेली ते तुम्हाला आठवत असेल. पण त्याच वर्षी जुलैमध्ये कोर्टानंच सांगितलं की शहरी हद्दीतल्या, म्हणजे महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीतल्या दुकानांना हे लागू नाही. तुमची नगरपंचायत झाली तेव्हा सगळ्यांनी फटाके वाजवले असतील, त्याच्याबरोबर हे पण आलं बघा.

म्हणजे लायसन मिळेल का, तर हो, मिळू शकतं. वाईन शॉप आणि देशी दुकान यांची नवीन लायसन सत्तरच्या दशकापासून राज्यानं थांबवलेली, म्हणून जुनीच लायसन इकडून तिकडं स्थलांतर होत फिरतात आणि त्यांना सोन्याचा भाव येतो, पण बियर शॉपीचं तसं नाही, तिचं नवीन लायसन निघतं. अर्ज राज्य उत्पादन शुल्कवाल्यांकडं जातो (आपण सगळे एक्साइजच म्हणतो), त्यांचा माणूस जागा बघून जातो, अंतरं मोजतो, रिपोर्ट जातो आणि जिल्हाधिकारी सही करतात. तुमचा विरोधाचा अर्ज त्या फायलीत जाऊन बसेल. तो वाचला जातो, नाही असं नाही, पण "आमचा विरोध आहे, महिलांना त्रास होईल" एवढंच लिहिलेला अर्ज फायलीत नुसता एक कागद असतो. त्यात काहीतरी मोजता येण्यासारखं हवं.

आणि एकदा लायसन निघालं की मग तुमच्याकडं उरतं ते आडवी बाटली-उभी बाटली. ते काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, सह्या तुम्हीच गोळा केल्यात, पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. 2008 च्या आदेशाप्रमाणं वॉर्डातल्या किंवा गावातल्या महिला मतदारांपैकी (किंवा एकूण मतदारांपैकी) कमीत कमी 25 टक्के लोकांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, त्या सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, कागदावर दोन बाटल्यांची चित्रं, आडवी म्हणजे बंद. इथपर्यंत सगळ्यांना छान वाटतं. मेख पुढं आहे. आलेल्या मतांपैकी निम्मी मिळून चालत नाहीत, यादीत जेवढी नावं आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत 1200 बायका आहेत. सह्या 300 पाहिजेत. मतं पाहिजेत 601. मतदानाला 700 जणी आल्या आणि त्यातल्या 590 जणींनी आडवी केली, तरी तुम्ही हरलात, आणि दुकानवाला दुसऱ्या दिवशी पेढे वाटतो.

मी हे डोळ्यांनी बघितलंय. माझ्या मावशीच्या गावात असंच मतदान लागलं, तारीख आली ऐन थंडीतली. शाळेच्या व्हरांड्यात सकाळी आठपासून बायकांची लाईन, म्हाताऱ्या बायका नातीच्या खांद्याला धरून आलेल्या, एक तर सलाईनची पट्टी हाताला तशीच होती. दुपारी तीनला लाईन संपली आणि सगळ्या झाडाखाली यादी घेऊन बसल्या, कोण राहिलं, कोण राहिलं. राहिलेल्या कोण, तर ऊसतोडीला गेलेल्या. दिवाळीनंतर निम्मा तांडा आणि निम्मी वस्ती कारखान्यावर असते, त्यांची नावं यादीत, माणसं फडात. मग लग्न होऊन गेलेल्या पोरी, नावं अजून माहेरच्याच यादीत. आणि तीन-चार तर वारलेल्या, त्यांची पण नावं. म्हणजे जी बाई जगातच नाही तिचं मत पण उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. एकोणीस मतं कमी पडली. मावशी त्या दिवशी घरी येऊन काही बोलली नाही, नुसती ज्वारी निवडत बसली अंधार पडेस्तोवर.

मार्च 2025 ला विधानसभेत अजित पवारांनी उत्पादन शुल्क खात्याचे मंत्री म्हणून जाहीर केलं होतं की महापालिकेच्या वॉर्डात झालेल्या मतदानाच्या 75 टक्के मतं बंदच्या बाजूनं पडली तर दुकान बंद करू, आणि सोसायटीच्या आवारात नवीन बियर शॉपी किंवा वाईन शॉप टाकायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. झालेल्या मतांवर मोजणं मला पण जास्त बरोबर वाटतं, वरच्या हिशोबात 700 च्या 75 टक्के म्हणजे 525, तुम्ही जिंकलात. पण ते बोलले महापालिकेचं, तुमची नगरपंचायत, आणि तुमचं घर काही सोसायटी नाही. स्टँडमागच्या दुकानासाठी परत सह्या करायच्या असतील तर आधी सोलापूरला उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या ऑफिसात लेखी विचारा की आमच्या वॉर्डाला कोणती मोजणी लावणार, उत्तर लेखीच घ्या, आणि सह्यांच्या आधी मतदार यादी साफ करून घ्या. तारीख मागताना ऊसतोडीचा हंगाम सोडून मागा.

आता घरात या.

सासरे तीन वर्षांपूर्वी गेले, बरोबर? मृत्युपत्र केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, आणि घर त्यांच्या स्वतःच्या कमाईचं असेल, तर हिंदू वारसा कायद्यानं त्यात सासूबाईंचा, तुमच्या मिस्टरांचा, दिरांचा आणि नणंद असेल तर नणंदेचा, सगळ्यांचा सारखा हिस्सा लागतो. दीर एकटे मालक नाहीत. दिरांच्या वागण्यावरून वाटतंय की त्यांनी स्वतःला मालक समजून बियर शॉपीवाल्याला शब्द देऊन टाकलाय, आपल्याकडं हे फार होतं, जो मुलगा जास्त मोठ्यानं बोलतो तो मालक. पण लायसनच्या फायलीला जागेचा कायदेशीर ताबा दाखवावा लागतो, भाडेकरार लागतो, आणि उतारा जोडला की त्यावर ज्यांची ज्यांची नावं त्यांची संमती विचारली जाते. बियर शॉपीवाला काय खुळा नाही, लायसनला पैसे घालणारा माणूस वारसांतल्या दोघांची सही नसलेल्या गाळ्यात फर्निचर करत नाही.

आणि आता जरा कडू बोलते. त्या उताऱ्यावर तुमचं नाव नाही. सून म्हणून तुमचा त्या गाळ्यात कायद्यानं काही हिस्सा नाही, तुम्ही वीस वर्षं त्याच्या डोक्यावर राहिलात, खालच्या शटरचा आवाज ऐकून उठलात, तरी नाही. म्हणून तुम्ही एकटीनं कलेक्टरकडं अर्ज द्यायला निघणं म्हणजे घरातली सगळी भांडणं अंगावर घेऊन हातात काही नसणं. तुमच्या 300 सह्यांपेक्षा सासूबाईंचं एक "मी सही करणार नाही" जड आहे. लिहून ठेवा हे.

पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही सहज लिहिलंय की सासूबाई माळकरी आहेत, दरवर्षी पंढरपूरला जातात. अहो मग अजून काय पाहिजे? त्यांना कोणी विचारलंय का हे? मला खात्री आहे की त्यांना नुसतं "गाळ्याला चांगलं भाडं येतंय" एवढंच सांगितलंय, दुकान कशाचं ते नाही. किंवा सांगितलं असेल तर दिरांनी असं सांगितलं असेल की आषाढी-कार्तिकीला ड्राय डे असतो आई, त्या दिवशी बंदच असतं. (हसू नका, असं बोलणारे मी बघितलेत.) सासूबाईंशी तुम्ही बोला, भडकवायला म्हणून नको. जिन्याचं दाखवा त्यांना. वर जायचा जिना खालच्या गाळ्याच्या बाजूनंच आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि संध्याकाळी सात ते दहा तिथं काय असेल ते मी सांगते, कारण माझं लहानपण सोलापुरात गिरणीच्या चाळीत गेलं आणि आमच्या कोपऱ्यावर देशी दुकान होतं.

दुकानात बसून प्यायची नसते, सीलबंद घ्यायची आणि जायचं, हा नियम. पण माणूस लांब जातच नाही. पहिल्या आठवड्यात दुकानापुढं एक गाडा येतो, उकडलेली अंडी, खारे शेंगदाणे, कांदा चिरून. मग प्लास्टिकचे ग्लास आणि पाण्याचे पाऊच. मग कोणीतरी एक जुना बाकडा आणून ठेवतं, तो कुणाचा हे शेवटपर्यंत कळत नाही. मग तुमच्या जिन्याची खालची तीन पायरी म्हणजे बैठक. आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या गेटवरच जाऊन उभ्या राहायच्या, नवरा दुकानापर्यंत पोचायच्या आत पाकीट हातात यावं म्हणून, माझी आई पण उभी राहिलीये, पदर घट्ट धरून, कुणाकडं न बघता. बाकडा, ग्लास, गाडा यातलं काहीच दुकानदाराच्या लायसनवर लिहिलेलं नसतं, म्हणून तक्रार केली की तो हात वर करतो, म्हणतो रस्ता माझा आहे का. सासूबाईंना विचारा, काकड आरतीला पहाटे उतरताना त्या पायऱ्या कोण झाडणार.

दिरांचं म्हणणं पण अगदीच टाकाऊ नाही हं. अठरा हजार आणि साडेतीन हजार यात फरक आहे, आणि घरात कुणाच्या शिक्षणाचा, कुणाच्या कर्जाचा हप्ता असेल तर तो फरक रोज डोळ्यापुढं नाचतो. आणि ते म्हणतात ना की दुकान बंद केलं की हातभट्टी वाढते, त्यात पण निम्मं खरंय. चंद्रपूरला 2015 ला दारूबंदी केली आणि 2021 ला उठवली, अवैध दारूचंच कारण पुढं आलं. आपल्या जिल्ह्यात मुळेगाव तांड्यावर हातभट्टी वर्षानुवर्षं धाडी टाकून पण थांबत नव्हती, 2021 ला तेजस्वी सातपुते ग्रामीणच्या एसपी असताना पोलिसांनी ऑपरेशन परिवर्तन घेतलं, एकेक अधिकाऱ्यानं एकेक गाव धरलं, भट्टीवाल्यांना दुसरं काम-धंदा बघून दिला, तेव्हा कुठं फरक पडला. म्हणजे नुसत्या बंदीनं माणूस प्यायचा थांबतो असं मी तरी म्हणणार नाही. तुमचे मिस्टर पण शनिवारी एखादी बियर घेतात असं तुम्ही कंसात घातलंय, आणि विचारलंय की मग मी ढोंगी का. नाही ओ. महाराष्ट्रात प्यायला परमिट लागतं, वर्षाचं शंभर रुपये, आयुष्यभराचं हजार, बियरला वय 21 पूर्ण पाहिजे, ते काढून माणूस पितो तर पिऊ दे. गावात दारू मिळावी की नाही हा एक प्रश्न, आणि आपल्या जिन्याखाली मिळावी का हा दुसरा, तुम्ही दोन्ही एकत्र शिजवलेत म्हणून घास गिळत नाहीये.

दिरांशी बोलताना म्हणून दारू वाईट, संस्कार, पोरांवर परिणाम हे काढूच नका, ते लगेच म्हणतील तुझा नवरा पितो. भाड्याचं बोला. टेलरमास्तर वीस वर्षं साडेतीन हजारावर आहेत ही चूक तुमचीच आहे सगळ्यांची, कोणी वाढवून मागितलंच नाही. हायवेलगतच्या गाळ्याला मेडिकलवाला, मोबाईलवाला, खतं-औषधाचा दुकानदार किती देईल ते दोन ठिकाणी विचारून आकडा घेऊनच बसा. अठरा नाही मिळणार, हे पण आधीच मान्य करा. दहा-बारा मिळाले तर वरचे सहा-आठ कशाचे ते सगळ्यांना कळतंच, ते बोलून दाखवायची गरज नाही. मिस्टरांना मधे उभं करू नका, त्यांना फक्त एवढंच सांगा की मी अर्ज देत नाही, तुम्ही फक्त संमतीपत्रावर सही करू नका आणि भावाला म्हणा आई सही करेल तेव्हा मी करतो. बिचाऱ्यांना भावाशी वाकडं पण नको आणि बायकोशी पण नको, ही वाट त्यांना परवडेल. नणंद असली तर तिला फोन तुम्ही करू नका, सासूबाईंनाच करू द्या.

आणि गटातल्या बायका. त्या गप्प होतात कारण त्यांना वाटतंय गाळा तुमचा आहे आणि तुम्हाला अठरा हजार मिळणारेत. पुढच्या मीटिंगला हप्ते गोळा करायच्या आधी स्वतःच विषय काढा, उताऱ्यावर माझं नाव नाही, घरात बोलणं चालू आहे, माझी संमती नाही. तीन वाक्यं. दिरांना शिव्या घालू नका तिथं, संध्याकाळपर्यंत त्यांच्या कानावर जातं.

घरात नाहीच जमलं आणि संमतीपत्रावर सह्या झाल्याच, तर मग अर्ज द्या, एक जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक उत्पादन शुल्क अधीक्षकांना, पण गटाच्या आणि वॉर्डाच्या नावानं, त्यात अंतर, मंदिराच्या ट्रस्टचा नोंदणी क्रमांक आणि तो एकच जिना हे लिहून, जिन्याचा फोटो जोडून, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. फाईल कुठपर्यंत आली कळत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पण ते सगळं पुढचं. सोमवारी उतारा काढा, वारस नोंद झालीये का बघा, नसली तर सगळ्या वारसांची लावून घ्यायला सासूबाईंना सांगा. आणि घरी येताना टेलरमास्तरांकडं डोकावून जा, मशीन हलवायची घाई करू नका म्हणावं, दिवाळीचे ब्लाउज घ्यायला सुरुवात करा.